बेटांवरील वादळ आणि किनाऱ्याची सावधगिरी

अरबी समुद्राच्या नकाशावर लक्षद्वीपची बेटे प्रयत्नाने शोधावी लागतात. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर विखुरलेल्या या केंद्रशासित प्रदेशाचे एकूण भूक्षेत्र अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. दहा बेटांवर मनुष्यवस्ती असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ६४,४७३ इतकी होती. आकाराने लहान असलेल्या या द्वीपसमूहाचे पश्चिम किनाऱ्याच्या दृष्टीने महत्त्व मात्र मोठे आहे. गोवा, कारवार, सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि थेट गुजरातपर्यंतच्या किनाऱ्याला ज्या चक्रीवादळांचा उपद्रव होतो, त्यांपैकी अनेकांची पहिली चाहूल याच बेटांना लागते. २००९ च्या नोव्हेंबरमधील फयान, २०२० च्या जूनमधील निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते ही तीनही वादळे लक्षद्वीप व त्यालगतच्या समुद्रात आकारास आली आणि मग उत्तरेकडे सरकली. बेटांभोवतीचा समुद्र का व कसा खवळतो, हे समजून घेणे किनाऱ्यावरील प्रत्येकाच्या हिताचे आहे ते यामुळेच.

बेटांची घडण

लक्षद्वीपची बेटे प्रवाळाची आहेत. समुद्रात बुडालेल्या प्राचीन डोंगरांच्या माथ्यावर प्रवाळ या सूक्ष्म जीवांनी हजारो वर्षे चुनखडीचे थर रचले व त्यातून कड्याच्या आकाराच्या भिंती तयार झाल्या. अशा रचनेस भूगोलात कंकणद्वीप म्हणतात. कड्याच्या आत उथळ, शांत पाण्याचे एक सरोवर असते. त्याला खारकच्छ अशी संज्ञा आहे. बहुतेक ठिकाणी मनुष्यवस्तीचे बेट या कड्याच्या पूर्वेकडील कडेवर, तर खारकच्छ पश्चिमेस असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिमेकडून येणाऱ्या प्रचंड लाटा प्रथम बाहेरील प्रवाळभिंतीवर फुटतात आणि त्यांचा जोर खारकच्छात निवतो. निसर्गाने बांधून दिलेला हा तटच होय.

या तटाला मर्यादाही आहेत. बेटांची समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम काही मीटर असते. डोंगर नाही, टेकडी नाही, माघार घेण्यास आतला मुलूख नाही. गोड्या पाण्याचा साठाही नाजूक असतो. पावसाचे पाणी सच्छिद्र प्रवाळवाळूत मुरते व खालच्या खाऱ्या पाण्यावर एका पातळ थराच्या रूपाने तरंगत राहते. विहिरींना लागणारे पाणी ते हेच. एखादी मोठी लाट बेटावरून वाहून गेली, तर घरे सावरली तरी विहिरी खारावतात, आणि त्या पूर्ववत गोड होण्यास पुढील पावसाची वाट पाहावी लागते. बेटावरील वादळाचे नुकसान पडलेल्या माडांवरून मोजले जाते; त्याची खरी झळ मात्र पुढे कित्येक महिने घागरीत जाणवत राहते.

पावसाळ्यात येथील दळणवळणही अडखळते. अनेक बेटांजवळ मोठी जहाजे धक्क्याला लागू शकत नाहीत. ती भर समुद्रात उभी राहतात आणि उतारू व सामान लहान होड्यांतून प्रवाळभिंतीमधील अरुंद वाटेने आत आणावे लागते. लाटा उसळू लागल्या की हीच वाट सर्वांत धोक्याची ठरते.

चक्रीवादळाची उत्पत्ती

चक्रीवादळाला ऊर्जा मिळते ती उबदार समुद्राच्या पाण्यातून. पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे आणि ही ऊब सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत पोहोचलेली असावी, ही पहिली अट होय. अशा पाण्याची वाफ मोठ्या प्रमाणात वर जाते, उंचावर तिचे पुन्हा पाणी होते, त्या वेळी सुप्त उष्णता मुक्त होते आणि हवा अधिकच वेगाने वर चढते. खाली हवेचा दाब घटतो व ती उणीव भरून काढण्यासाठी चहूबाजूंनी वारे धावून येतात. पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे नव्हे, तर तिच्या स्वतःभोवतीच्या परिवलनामुळे हे वारे सरळ न येता वळतात आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा वळविणारा प्रभाव नगण्य असतो. म्हणून साधारणतः पाच अंश अक्षांशाच्या आत चक्रीवादळे क्वचितच तयार होतात. लक्षद्वीपचे दक्षिण टोक असलेले मिनिकॉय बेट आठ अंशांच्या थोडे वर आहे. म्हणजेच वादळांचे क्षेत्र जेथे सुरू होते, त्या उंबरठ्यावरच ही बेटे वसलेली आहेत.

ऐन पावसाळ्यात मात्र अरबी समुद्रात मोठी चक्रीवादळे विरळा होतात. त्या काळात खालच्या व वरच्या थरांतील वारे परस्परविरुद्ध दिशांनी जोराने वाहतात आणि वादळाचा उभा स्तंभ मोडून पडतो. त्यामुळे एप्रिल ते जून व ऑक्टोबर ते डिसेंबर असे वादळांचे दोन हंगाम पडतात. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केला की समुद्र शांत झाला, अशी आपली परंपरागत समजूत. ती मोसमी वाऱ्यांच्या अनुभवावर आधारलेली असून त्या मर्यादेत खरी आहे. परंतु वादळांचा दुसरा हंगाम त्यानंतरच येतो, हे विसरून चालत नाही.

वाऱ्याच्या वेगानुसार भारतीय हवामान खाते या प्रणालींची प्रतवारी करते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वेगाचे वारे असता ‘कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला’ असे म्हटले जाते. वेग ६२ किलोमीटरवर गेला की त्यास चक्रीवादळ ही संज्ञा व स्वतंत्र नाव मिळते. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र अशा पायऱ्या चढत ताशी २२२ किलोमीटरच्या पुढे महाचक्रीवादळ होते. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची प्रथा २००४ साली सुरू झाली.

वादळाच्या मध्यभागी ‘डोळा’ असतो. तो डोक्यावरून जात असता वारा एकाएकी पडतो, आकाशही निवळते. संकट टळले असे वाटून लोक बाहेर पडतात आणि तेवढ्यात विरुद्ध दिशेने तितक्याच जोराचा वारा सुटतो. दुसरी लक्षात ठेवण्याची बाब अशी की, उत्तर गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूस वाऱ्याचा जोर अधिक असतो, कारण तेथे भोवऱ्याचा वेग व वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते. अरबी समुद्रातून उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे पूर्वेची, अर्थात कोकण व गोव्याच्या किनाऱ्याची बाजू होय. वादळ दूर समुद्रातून निघून गेले तरी किनाऱ्यावर झाडे का उन्मळतात, याचे हे एक कारण आहे.

लाटांचे दोन प्रकार

वादळात समुद्राचे पाणी जमिनीवर चढते ते दोन प्रकारे. पहिला प्रकार वादळी उधाणाचा. जोराचा वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो आणि समुद्राची पातळीच काही काळ वाढते. किनाऱ्यालगतचा समुद्र जितका उथळ व पसरट, तितके हे उधाण उंच. बंगालच्या उपसागराच्या माथ्याशी होणारी भीषण हानी याच कारणाने होते. प्रवाळबेटांभोवती स्थिती वेगळी असते. तेथे थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ खोल उतरत जातो. लोटलेल्या पाण्याला खालून परत फिरण्यास वाव मिळतो व पातळी फारशी चढत नाही. परंतु त्याच खोलीमुळे लाटांचा जोर वाटेत कोठेही खर्ची पडत नाही. भर समुद्रातील लाट आपल्या पूर्ण बळानिशी प्रवाळभिंतीवर येऊन आदळते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. दक्षिण हिंदी महासागरात, ध्रुवीय प्रदेशाच्या बाजूस, सतत मोठी वादळे होत असतात. त्यांनी उठविलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून चार-पाच दिवसांनी आपल्याकडील समुद्रात पोहोचतात. खोल पाण्यात त्या नौकेखालून अलगद निघून जातात व ध्यानातही येत नाहीत. उथळ पाण्यात शिरताच मात्र उंचावतात आणि किनारा ओलांडतात. त्या वेळी आकाश निरभ्र असते, वारा नसतो, पाऊस नसतो. केरळच्या मच्छीमारांनी याला ‘कळ्ळकडल’ म्हणजे चोर समुद्र असे समर्पक नाव दिले आहे. १९८७ च्या एप्रिलमध्ये मालदीवची राजधानी माले अशाच दूरवरून आलेल्या लाटांनी जलमय झाली होती. त्यानंतर जपानच्या साहाय्याने त्या शहराभोवती लाटारोधक बांध घालण्यात आला. चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर असलेले बेटही सागराच्या कोपापासून मुक्त नसते, हा या घटनेचा धडा होय.

इतिहासाची साक्ष

लक्षद्वीपच्या इतिहासात १८४७ च्या एप्रिलमधील वादळाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. कल्पेनी व आंद्रोत या बेटांवर त्याने अपरिमित हानी केली. माडांच्या बागा, म्हणजे बेटवासीयांचे अन्न, छप्पर आणि उत्पन्न, जमीनदोस्त झाल्या. लाटांनी समुद्रतळावरून उपटून आणलेल्या प्रवाळखडकांचा बांधच्या बांध कल्पेनीच्या पूर्व व आग्नेय किनाऱ्यावर रचला गेला. ही बाजू खारकच्छाच्या विरुद्ध, म्हणजे कोणत्याही आडोशाविना समुद्राला सामोरी असलेली. तो बांध आजही त्या रात्रीची साक्ष देतो.

वादळाचे परिणाम तेथेच थांबले नाहीत. ही बेटे त्या वेळी कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात होती. उद्ध्वस्त प्रजेला साहाय्य करण्यास खजिना अपुरा पडला, ईस्ट इंडिया कंपनीकडून कर्ज घ्यावे लागले, त्यावर व्याज चढले आणि अखेर कर्जाच्या वसुलीसाठी कंपनीने बेटांचा कारभार आपल्या हाती घेतला. एका रात्रीच्या वाऱ्याने राज्य पालटण्यास निमित्त मिळाले. योगायोग असा की, लगेच पुढच्या वर्षी, १८४८ साली, कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी नाविकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात या वर्तुळाकार वादळांसाठी ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. सर्पाच्या वेटोळ्यावरून त्यांनी तो घडविला होता. भारतीय हवामान खात्याची स्थापना त्यानंतर, १८७५ साली झाली.

अलीकडच्या काळातील एक आकडाही बोलका आहे. २००४ च्या मे महिन्यात लक्षद्वीपवर आलेल्या वादळात अमिनी बेटावर २४ तासांत १,१६८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. २००५ च्या २६-२७ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याची आठवण साऱ्या देशाला आहे. त्याहून अधिक पाऊस एका इवल्याशा बेटाने आदल्याच वर्षी सोसला होता.

‘ओखी’चा धडा

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी श्रीलंकेच्या आग्नेयेस कमी दाबाची एक प्रणाली तीव्र झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी कन्याकुमारीजवळच्या समुद्रात तिचे ‘ओखी’ या चक्रीवादळात रूपांतर झाले. बंगाली भाषेत या शब्दाचा अर्थ डोळा असा आहे. १ डिसेंबरला ते अतितीव्र बनले, मिनिकॉय व कल्पेनी या बेटांना त्याचा तडाखा बसला आणि २ डिसेंबरला वाऱ्याचा वेग ताशी १५० ते १६० किलोमीटरपर्यंत पोहोचला. पुढे उत्तरेकडे वळून, क्षीण होत होत, ६ डिसेंबरच्या पहाटे सुरतेजवळ ते विरून गेले.

वेगाच्या दृष्टीने याहून प्रखर वादळे अरबी समुद्राने पाहिली आहेत. तरीही ओखीने केरळ व तामिळनाडूतील शेकडो कोळी कुटुंबांचा आधार हिरावून नेला. कारण उघड आहे. या भागातील मच्छीमार खोल समुद्रात आठ-आठ, दहा-दहा दिवस राहतात. वादळ एका दिवसात आकारास आले तेव्हा कित्येक नौका किनाऱ्यापासून फार दूर होत्या. भ्रमणध्वनीची कक्षा काही किलोमीटरांत संपते. नौकेवरील साधा बिनतारी संचही काही दहा किलोमीटरांपलीकडे पोहोचत नाही. किनाऱ्यावर इशारा प्रसृत झाला होता, परंतु ज्याच्यासाठी तो होता, त्याच्या कानी तो गेला नाही. वादळाच्या वेगापेक्षा ही पोकळीच अधिक प्राणघातक ठरली.

ज्यांना वेळीच आश्रय मिळाला, ते वाचले. केरळच्या ६६ व तामिळनाडूच्या दोन नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्यास लागल्या. परक्या मुलखातील हे पाहुणे देवगडच्या बंदरात विसावले. समुद्रात संकटात सापडलेल्याला भाषा व प्रांत विचारायचा नसतो, हा दर्यावर्दींचा धर्म येथेही पाळला गेला. गोव्यात ३ डिसेंबरला मार्गशीर्षी पौर्णिमा होती. पौर्णिमेची भरती व वादळाने धाडलेल्या लाटा एकत्र आल्या आणि पेडणे तालुक्यातील मोरजी, हरमल आदी किनाऱ्यांवर पाणी नेहमीची सीमा ओलांडून खोपट्यांत शिरले. वादळ शेकडो किलोमीटर दूर असता हे घडले.

याउलट २०२१ च्या तौक्ते वादळापूर्वी इशारे अनेक दिवस आधी मिळाले व मासेमारी नौका मोठ्या संख्येने माघारी बोलावल्या गेल्या. गोव्यात झाडे व विजेचे खांब पडून हानी झाली. तथापि भर समुद्रातील मच्छीमारांची ओखीसारखी वाताहत झाली नाही. परंतु त्याच वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात थांबलेला ‘पी-३०५’ हा कामगारांच्या निवासाचा तराफा बुडाला व साठाहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. इशारा मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्यावर अंमल करणे महत्त्वाचे, हे या दोन चित्रांवरून स्पष्ट होते.

इशाऱ्याचा प्रवास

आज हवामान उपग्रह, किनाऱ्यावरील रडार व समुद्रात तरंगणारी निरीक्षण-उपकरणे यांच्या साहाय्याने वादळाचा मार्ग बऱ्याच विश्वसनीयपणे वर्तविता येतो. हवामान खाते किनाऱ्यासाठी सावधगिरीची सूचना साधारण ४८ तास आधी व प्रत्यक्ष धोक्याची सूचना २४ तास आधी देते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ पासून कार्यरत असून लाटांची उंची, उधाण व दूरवरून येणाऱ्या लाटा यांचे अंदाज तेथून प्रसृत होतात. समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर बसून कोकणच्या मच्छीमारासाठी समुद्राचा अंदाज बांधला जातो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. किनाऱ्यापासून दूर असलेल्या नौकांना उपग्रहामार्फत संदेश देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण याच केंद्राच्या सहभागातून २०१९ साली उपलब्ध झाले. ओखीच्या वेळी जी पोकळी जाणवली, ती भरून काढण्याचा हा प्रयत्न होय.

बंदरावरील जुना ‘बावटा’ही कालबाह्य झालेला नाही. भारतीय बंदरांत १ ते ११ क्रमांकांचे संकेत ठरलेले आहेत. दिवसा शंकू व नळकांड्याच्या आकृत्या, तर रात्री तांबडे व पांढरे दिवे. १ व २ हे दूरच्या समुद्रातील वादळाचे, ३ व ४ बंदरालाच धोका संभवत असल्याचे, ५ ते ७ धोक्याचे आणि ८ ते १० महाधोक्याचे संकेत होत. हवामान केंद्राशी संपर्क तुटल्यास ११ क्रमांकाचा संकेत लावला जातो. तीन नंबरचा बावटा लागला असता नौका समुद्रात लोटणे म्हणजे धाडस नव्हे, अविचार होय.

ज्याच्यापाशी कोणतेही उपकरण नाही, त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकातील डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांचा नियम आजही उपयोगी आहे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. कमी दाबाचे केंद्र, म्हणजे वादळ, आपल्या डाव्या बाजूस असते. शिडात वारा भरण्याइतकाच हा नियम सोपा आहे.

पुढील काळ

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातील नोंदींचा अभ्यास केला असता अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या व त्यांचा कालावधी वाढल्याचे त्यांना आढळले. समुद्राचे वाढते तापमान हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते. बंगालच्या उपसागराच्या तुलनेने शांत समजला जाणारा हा समुद्र तसा राहील, अशा भरवशावर यापुढे राहता येणार नाही. प्रवाळ हा सजीव आहे; पाणी फार तापले तर तो मरतो आणि बेटांची तटबंदी आतून ढासळू लागते. बंगाराम कंकणद्वीपातील पराळी या निर्मनुष्य बेटांपैकी एक धूप होऊन यापूर्वीच नाहीसे झाले आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी पाळली जाते. ती माशांच्या प्रजननासाठी असली, तरी खवळलेल्या समुद्रापासून मच्छीमारांचेही रक्षण करते. उरलेल्या दहा महिन्यांत मात्र ही जबाबदारी प्रत्येक नौकामालकाची व तांडेलाची आहे. नौका सोडण्यापूर्वी हवामान वार्ता ऐकणे, नौकेवर किती माणसे आहेत व ती कोठे जात आहेत याची नोंद बंदरावर करणे, प्रत्येकासाठी तरंगजाकीट बाळगणे, बिनतारी संच चालू स्थितीत ठेवणे आणि संकटसमयी तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकाशी संपर्क साधणे, एवढ्या पाच गोष्टींना खर्च फारसा लागत नाही. किनाऱ्यावरील रहिवासी व पर्यटक यांनीही वादळ दूर आहे म्हणून लाटा पाहण्यास खडकांवर जाऊ नये.

मिनिकॉय बेटावरील दीपगृह १८८५ पासून नाविकांना वाट दाखवीत आहे. दिवा लावणे हे दीपगृहाचे काम. तो पाहून सुकाणू वळविणे हे नाविकाचे. वादळाच्या इशाऱ्याचेही तसेच आहे. लक्षद्वीपच्या समुद्रात वारा फिरल्याची वार्ता आली की आपल्या किनाऱ्यापाशी सामान्यतः एक-दोन दिवसांचा अवधी असतो. तेवढ्या अवधीत नौका बंदरात आणता येते, जाळी उचलता येतात, शेजाऱ्याला सावध करता येते. हा अवधी वाया न जाऊ देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.